भुताची वाट बघत बसले

रविवार, रात्री उशिरा. पाऊस चालूच आहे.

संपलं एकदाचं ते पुस्तक. वाईट आहे असं नाही म्हणणार मी, वाईट असतं तर पन्नासाव्या पानावर मिटून कपाटात टाकलं असतं आणि हे लिहायला बसलेच नसते. राग याचा येतोय की सुरुवात एवढी जबरदस्त केली आणि मग सगळं हातातनं घालवलं.

'मिस पेरेग्रीन्स होम फॉर पिक्यूलियर चिल्ड्रन', रॅन्सम रिग्जचं, २०११ सालचं. भाची अकरावीला आहे, तिच्या मैत्रिणींत म्हणे सगळ्यांचं वाचून झालंय. देताना मला म्हणाली, "आत्या, रात्री वाचू नको हं, मी तर फोटो बघूनच झोपलो नाही." आता मी धारप-मतकरींच्या भयकथा वाचत वाढलेली बाई, करवीर नगर वाचन मंदिरातनं पुस्तकं आणून पांघरुणात बॅटरी लावून वाचलेली, मला काय कोण घाबरवतंय म्हटलं. पण मनातनं खरं तर वाटत होतं, घाबरवावं कुणीतरी. किती वर्षं झाली, एखादं पुस्तक वाचून रात्री पाणी प्यायला उठताना पॅसेजचा दिवा लावावा लागलाय असं झालंच नाही.

आणि मुखपृष्ठ बघून आशा वाटली होती हो. जुना कृष्णधवल फोटो, एक लहान मुलगी सरळ उभी, डोक्यात मुकुटासारखं काहीतरी, हसत नाही. आधी वाटतं असेल कुणाची तरी पोरगी. मग नजर खाली जाते आणि कळतं की पाय जमिनीला टेकलेलेच नाहीत. मी ते पुस्तक टेबलावर उपडं ठेवायला लागले, खोटं कशाला बोलू.

आतले फोटो पण खरेच जुने आहेत, जुन्या बाजारात ढिगानं विकायला असतात तसले, कुणाच्या घरातले कुणास ठाऊक. लेखकाला आधी नुसतं चित्रांचंच पुस्तक करायचं होतं, मग संपादकानं सुचवलं म्हणून फोटोंभोवती कादंबरी रचली. आणि माझं म्हणणं असं की ते रचलेलं दिसतं, लई दिसतं. एखादा भारी फोटो हाताला लागलाय, तो कुठंतरी बसवायचाय, म्हणून गोष्ट वाकडी करून तिकडं नेलीय असं मधेमधे वाटत राहतं.

सुरुवात काय आहे, फ्लोरिडात राहणारा सोळा वर्षांचा जेकब, त्याचे आजोबा पोलंडमधले ज्यू, लहानपणी नाझींपासून वाचवून वेल्सजवळच्या एका बेटावरच्या अनाथाश्रमात पाठवलेले. नातवाला त्या घरातल्या अजब पोरांच्या आणि मागं लागलेल्या राक्षसांच्या गोष्टी सांगायचे. नातू मोठा झाला तसं त्याला वाटायला लागलं की म्हातारा थापा मारतोय. घरातल्यांचं म्हणणं, राक्षस म्हणजे नाझीच, दुःख सहन होईना म्हणून त्यांनी त्याची गोष्ट केली. आणि मग एका रात्री आजोबा घरामागच्या झाडीत रक्ताच्या थारोळ्यात सापडतात आणि पोराला अंधारात काहीतरी दिसतं. काहीतरी! इथं मी उठून दाराची कडी बघून आले.

पुढं तो बेटावर जातो, ते घर बॉम्बनं पडलेलं, ओलं, भिंतीतनं झाडं आलेली. इथपर्यंत मी लेखकाच्या पाया पडायला तयार होते.

आणि मग पोरं भेटतात आणि बोलायलाच लागतात की हो. ही अमुक, हिच्या हातातनं जाळ निघतो. हा तमुक, ह्याच्या पोटात मधमाश्या. हा दिसत नाही. आणि ती मुखपृष्ठासारखी तरंगणारी? ती हवेपेक्षा हलकी आहे म्हणून तिला जड बूट घालून ठेवतात. झालं! जिच्यामुळं पुस्तक उपडं ठेवत होते तिची अशी ओळख करून दिली की जणू शाळेच्या गॅदरिंगला आलोय आणि आता एकेक जण आपापली कला सादर करणार. एकदा कळलं की हे असं का आहे, की मग कसली भीती आणि काय.

राक्षसाचं पण तेच. आधी झाडीत नुसती चाहूल होती. मग त्याला नाव आलं, हॉलोगास्ट, मग तो कसा तयार झाला त्याचा इतिहास, मग त्याच्या जिभा कशा, तो काय खातो, कुणाला दिसतो कुणाला नाही, पानंच्या पानं. आमच्या आजीनं चकवा कधीच समजावून सांगितला नाही. राधानगरीकडची होती ती. आजोबा रात्री शेतातनं निघाले, ओळखीचा बांध परत परत येत राहिला, शेवटी तिथंच बसले आणि उजाडल्यावर बघितलं तर घर हाकेच्या अंतरावर. एवढंच सांगायची. मग काय झालं विचारलं की म्हणायची, काय व्हायचंय, चहा केला.

इथं तर सध्या पंचगंगाच पुरेशी आहे. दिवसभर फोनवर राजाराम बंधाऱ्याची पातळी येतीय, एकोणचाळीस फुटाला इशारा, त्रेचाळीसला धोका, आणि आकडा इंचाइंचानं सरकतो. २०१९चा महापूर बघितलेल्या माणसाला विचारा, पाणी दारात आल्यावर माणूस कामाला लागतो, भीती असते ती आदल्या रात्रीची. रिग्ज साहेबांनी पाणी थेट हॉलमध्ये आणून सोडलं.

सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटते सांगू का. भीती त्या गोष्टीतच होती, त्यांना दिसली नाही. ती पोरं ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस पुन्हा पुन्हा जगतायत, रोज रात्री बॉम्ब पडायच्या आत दिवस मागं फिरवायचा. वय वाढत नाही, बाहेर जास्त वेळ राहिलं की राहिलेली सगळी वर्षं एकदम अंगावर येणार. त्यातला तो न दिसणारा मिलार्ड काय करतो, तर गावातल्या प्रत्येक माणसाचा त्या एका दिवसाचा हिशोब वहीत लिहीत बसतो, कोण किती वाजता उठलं, कोण काय बोललं. वर्षानुवर्षं. माणसंच काय, डुकरं आणि गाई पण. मी तिथं पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बसले. म्हातारी झालेली पोरं, पोराच्या अंगात अडकलेली, आणि खाली गावात रोज तेच बोलणारी माणसं ज्यांना काही माहीतच नाही. ह्यावर अख्खी कादंबरी व्हायला पाहिजे होती! पण नाही, ते गमतीत सांगून पुढं, कारण पाठलाग आणि मारामारी राहिली होती.

एक जागा मात्र मानली. मासेवाल्याच्या दुकानात बर्फात ठेवलेलं प्रेत आणि तो एनॉक मेंढ्याची काळजं घेऊन त्याला थोडा वेळ बोलतं करतो. हळू, घाणेरडं, आणि मेलेल्या माणसाची कीव येईल असं लिहिलंय.

आणि ते प्रेमप्रकरण, अरे देवा. ती हातातनं जाळ काढणारी एमा आधी आजोबांच्या प्रेमात होती, त्यांची वाट बघत बसली, आणि आता नातवाच्या गळ्यात. संध्याकाळी भाचीचा फोन आला तेव्हा हेच म्हटलं, अगं ती त्याच्या आजीच्या वयाची की गं. "आत्या, तू पण ना, ती सोळाचीच आहे." म्हटलं मग भीती कुठं वाटली तुला ते तरी सांग. तर म्हणाली भीतीचं काय एवढं, मला त्या घरात राहायला आवडलं असतं, रोज तोच दिवस, बारावी येणारच नाही.

यावर मला काही बोलता आलं नाही. दुसरा भाग तिनं आधीच बाजूला काढून ठेवलाय माझ्यासाठी. नको म्हणवेना.