सातेरीच्या मेंदूतला आरएनए आणि माझा गेटपास

पिल्लं सांभाळणारी सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, तिची कामकरी काही आठवड्यांनी घर सोडून मकरंद-पराग आणायला लागते. तेव्हा तिच्या मेंदूत काय घडतं, हा माझा पीएचडीचा विषय. मी धरला काकुसेई नावाचा नॉन-कोडिंग आरएनए. त्यापासून प्रथिन बनत नाही, पण चेतापेशी कामाला लागल्या की तो झपाट्याने वाढतो. टोकियो विद्यापीठातल्या कुबोंच्या गटाने 2007 मध्ये बाहेरून चारा आणणाऱ्या माश्यांच्या मेंदूत तो दाखवला.

गाइड, मधपेट्या, आरएनए मोजायला लागणारे प्रायमर, सगळं जमलं. अडलं लिक्विड नायट्रोजनवर. माशी पकडल्या पकडल्या गोठवावी लागते. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून निवांत काम करू म्हणाल, तर शुद्धीवर येतानाही काकुसेई वाढतो. मग मोजलंत काय, चारा आणणं की जाग येणं?

पेट्या महाबळेश्वरकडे, नायट्रोजन पुण्यात. कॅन बाहेर न्यायला भांडार विभागाचा गेटपास. फॉर्मवर रकाना: परत येणारे की परत न येणारे साहित्य? मी ‘परत येणारे’ लिहिलं.

“दहा लिटर नेताय, दहा लिटर आणणार का?”

“साहेब, तो उडून जातो.”

“मग ‘परत न येणारे’ लिहा.”

तसं लिहिलं, तर पलीकडच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, कॅन स्टॉक रजिस्टरला आहे, तो परत कसा येणार नाही? पुन्हा पहिलं टेबल. साहेब जेवायला गेलेले. आले ते ऑडिटचा मुद्दा घेऊनच: “उद्या विचारलं नायट्रोजन गेला कुठे, तर काय सांगू?” हवेत, साहेब, तिच्यात 78 टक्के तोच आहे. (हे मनात.) तिकडे जांभळाचा फुलोरा ओसरत चाललेला, आणि इथे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर.

सुटलं ते असं: दोन वेगळे फॉर्म. कॅन ‘परत येणारे’, नायट्रोजन ‘उपभोग्य’, दोन्हींवर विभागप्रमुखांची सही. एवढं भिंतीवर चिकटवायला काय जातं?

गाडीत कॅन असेल तर काचा उघड्या ठेवा आणि झाकण कधीही हवाबंद करू नका. वाटेत कमी पडला तर गाईंचं कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे रेतमात्रांसाठी नायट्रोजन असतोच. आम्हाला त्यांनी एका शब्दात भरून दिला, फॉर्म नाही की सही नाही.

हो, आणि माश्यांची डबी उन्हात ठेवू नका. गांधीलमाशीला घेरून अंगाच्या उष्णतेने भाजताना सातेरीच्या जपानी बहिणींच्या मेंदूतही हाच आरएनए वाढतो, आणि तो उष्णतेमुळे, हे 2012 मध्येच दिसलंय. चारा आणणारी हवी तर पायाला पराग लावून दारात उतरणारी धरा. दाई हवी तर अळीच्या घरात डोकं खुपसलेली. दोघींच्या वयातला फरक आड येतो, म्हणून माशी कोषातून बाहेर पडल्या पडल्या तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्या.

काकुसेई वाढला म्हणजे त्यानेच वागणं बदललं, असं मात्र ठरत नाही. टोळांचं तसं नाही: 2014 मध्ये थव्यातल्या टोळांना मायक्रोआरएनए-133 (जनुकं दाबणारा चिमुकला आरएनए) टोचला, डोपामिन हे मेंदूतलं रसायन बनवणारी दोन जनुकं दबली आणि टोळ एकलकोंड्यासारखे वागू लागले. सातेरीवर असलं काही करायचं म्हणून मीही ऑर्डर टाकली आहे. खरेदी विभागाला तीन कोटेशनं हवीत.