आपण केव्हाही थांबू शकता

माझ्या प्रयोगाला एका माणसामागे २५ मिनिटं लागायची. तो करायच्या परवानगीला मात्र चार महिने आणि अकरा दिवस लागले. दिवस मोजलेत मी, उगाच नाही सांगत.

विषय साधा होता. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ साली छापलेली चाचणी मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ‘लाल’ हा शब्द हिरव्या रंगात दाखवायचा आणि रंग कुठला ते सांगायला लावायचं. माणूस अडखळतो, कारण वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही. मला बघायचं होतं की बेळगावात मराठी घरात वाढलेला, शाळेत कन्नड शिकलेला माणूस कुठल्या भाषेत जास्त अडखळतो. आराखडा, संगणकावरची मांडणी, सरांची सही, सगळं पंधरा दिवसांत झालं. मग फाईल नैतिकता समितीकडे गेली.

पहिल्यांदा परत आली ती संमतिपत्र मराठी आणि इंग्रजीतच होतं म्हणून. कन्नड हवं. बरोबरच होतं, माझंच चुकलं. कन्नड करून दिलं. दुसऱ्यांदा शेरा आला, ‘मराठी मसुदा मुळाबरहुकूम असल्याचा दाखला जोडावा.’ मराठीच्या एका प्राध्यापकांनी लेटरहेडवर लिहून दिलं, सही केली. समितीच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसाने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “शिक्का कुठाय?” शिक्का प्राध्यापकांच्या कॉलेजात, कॉलेजला सुट्टी, शिपाई गावाला. चार हेलपाटे झाले. दर वेळी “नाळे बन्नि”, उद्या या. माझं कन्नड त्या खिडकीवर बरंच सुधारलं.

तिसरी अडचण उलट भाषांतराची. मराठी मसुदा मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाने पुन्हा इंग्रजीत करायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. पद्धत चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मी मोठ्या आदबीनं लिहिलं होतं, ‘आपण केव्हाही थांबू शकता.’ परत इंग्रजीत आलं त्याचा अर्थ, ‘तुम्ही कितीही वेळ वाट बघत बसू शकता.’ मला हसू आलं आणि रडूही, कारण त्या घडीला मी तेच करत होते. वाक्य बदललं, ‘वाटेल तेव्हा मधेच सोडून जाऊ शकता, कारण सांगायची गरज नाही.’

मग बैठक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गणपूर्तीला किमान ५ सभासद लागतात आणि त्यात संस्थेबाहेरचा निदान एक. बाहेरचे गृहस्थ आले नाहीत. बैठक तहकूब, पुढची दोन महिन्यांनी. त्या बैठकीत चर्चा कशावर झाली? सहभागींना मी पावशेर कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, देणार होते, ते आमिष ठरतं का यावर. शेवटी कुंदा गेला, प्रवासखर्चाचे १०० रुपये राहिले. मानवी सहभागींचं रक्षण कुंद्यापासून!

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कमी जोखमीच्या अभ्यासाला पूर्ण बैठकीशिवाय त्वरित तपासणी मागता येते. अर्ज भरतानाच ती मागा, नंतर कोणी आपणहून सांगत नाही.

आणि संमतिपत्र समितीला द्यायच्या आधी घरातल्या चार जणांना मोठ्याने वाचून दाखवा. मंजूर कागदातला शब्द बदलायचा तर पुन्हा समिती. मी हे केलं नाही. वडगावात विणकरांच्या गल्लीत पहिल्याच मावशींनी ‘प्रयोग’ शब्दावर बोट ठेवून विचारलं, “नाटक कुठल्या थेटरात हाय?” शेजारच्या काकांना सहीची भीती, “जागेचं काय न्हाई न्हवं?” पण खरा घोळ ‘मातृभाषा’ या रकान्याने केला. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथे हा प्रश्न कोणी सहज विचारत नाही की सहज उत्तर देत नाही. “सीमेचा सर्व्हे हाय काय?” असं विचारून दोघं उठूनच गेले. शेवटी ‘घरी कुठल्या भाषेत बोलता?’ असं केलं आणि रकाना वरून उचलून शेवटी नेला. त्यासाठीही पुन्हा तीच खिडकी. जमल्यास १ नोव्हेंबरच्या आठवड्यात तारखा ठेवू नका. इकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, तिकडे मराठी लोकांचा काळा दिवस, तुमच्याकडे कोणी येत नाही.

किती माणसं, हे आधी ठरवा. एकाच माणसाची दोन भाषांत तुलना असेल आणि मध्यम आकाराचा फरक पकडायचा असेल, तर नेहमीच्या हिशेबाने ३४ पुरतात. मी ४० धरले. वीस जणांना आधी मराठी, वीस जणांना आधी कन्नड, नाहीतर सरावाचा फायदा एकाच भाषेला जातो. रंगांधळेपणाची तपासणी विसरू नका, लाल-हिरव्यावर सगळा डोलारा आहे.

शब्दांनीही दगा दिला. लाल-केंपु, हिरवा-हसिरु यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण निळ्याला कन्नडमध्ये नीली आणि पिवळ्याला हळदी. वहिनीने पडद्यावर ‘हळदी’ बघितलं आणि म्हणाली, “हे तर आपलंच की!” मग या दोन जोड्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागला. हे मला टेबलाशी बसून सुचायला हवं होतं.

प्रत्यक्ष चाचण्या तीन आठवड्यांत उरकल्या, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. यंत्रमागाची खटखट चुकवायला दुपारच्या जेवणाची वेळ धरली, एवढंच. फक्त एकोणचाळिसावे काका. अर्धी चाचणी झाली होती, आकडे सुरेख येत होते. ते एकदम उठले, चपला घातल्या. नळाला पाणी आलं होतं.

“काका, दहाच मिनिटं राहिलीत ओ!”

“तूच वाचून दाखवलीस न्हवं,” ते दारातून म्हणाले, “मधेच सोडून जाता येतंय म्हणून.”