दोर तुटला तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की मी "नाही तुटत हो" म्हणून विषय बदलायला लागले होते. साताऱ्याची मावशी, ऑफिसातली माणसं, इथे कॅलिफोर्नियात मराठी मंडळात गणपतीला भेटणारे काका, मी दोरावरून धबधबे उतरते त्याचा, धारेशेजारी लटकलेला फोटो बघितला की सगळ्यांचं तेच, "अगं पण दोर तुटला तर?" ह्यावेळी नीट उत्तर देते.

आमच्या स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणल्या जाणाऱ्या, दोराची ताकद 22 किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण 2,200 किलो. गाठीमुळे ती बरीच कमी होते, तरी माझ्या वजनाच्या मानाने भरपूर उरते. मला भीती वाटते ती पाण्याची.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या दक्षिण भागात ड्राय मेडो क्रीक नावाचा ओढा कर्न नदीला मिळतो. मिळायच्या आधी तो ग्रॅनाईटमधून टप्प्याटप्प्याने खाली येतो, एक धबधबा, खाली गोल डोह, परत धबधबा, परत डोह, म्हणून ह्या जागेला सेव्हन टीकप्स म्हणतात. मी पहिल्यांदा वरून बघितलं तेव्हा मला निघोज आठवलं, कुकडीतले रांजणखळगे! काम तेच, भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरागरा फिरून कातळ कोरत राहतात. फक्त आपला बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा आणि हा ग्रॅनाईट साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोल, सावकाश थंड झालेला, म्हणून त्यातले स्फटिक डोळ्यांना दिसतात. जिथे पाणी पोचत नाही तिथे तो बुटाला मस्त धरतो, आणि जिथे पाण्याने घासलाय तिथे काच.

मी रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, शिकले सह्याद्रीत, नागफणीला आणि सांदण दरीत. तिथे डोक्यात भिनवलेला नियम म्हणजे दोराच्या टोकाला गाठ, म्हणजे चुकून टोकाच्या पुढे घसरणार नाही. इथे पहिल्याच टप्प्यावर मी सवयीने गाठ मारली आणि आमच्या लीडरने शांतपणे सोडली. मला ते तेव्हा भयंकर वाटलं. पण खाली डोह आहे, त्यात धबधबा पडतोय, पाणी तुम्हाला परत धारेखाली ओढतंय आणि तुम्ही गाठीला अडकलायत, तर तीच गाठ जीव घेईल. म्हणून वाहत्या पाण्यात दोर मोजून सोडतात, टोक पाण्याला जेमतेम टेकेल इतकाच, उतरत गेलात की दोर संपतो आणि तुम्ही मोकळे, पोहत बाहेर. जास्त सोडला तर तोच पायात गुंततो.

दुसरं म्हणजे, दोर वर कातळात बसवलेल्या बोल्टच्या कडीला नुसता बांधून टाकत नाहीत, असा अडकवतात की वरचा माणूस तो भार असतानाही सोडू शकेल आणि जादा दोर वर बॅगेत तयार असतो. हे का, ते मी एका सप्टेंबरात बघितलं. तिसऱ्या टप्प्यावर मैत्रीण धारेच्या उजवीकडून उतरत होती, पाय काचेवर पडला, ती झोक्यासारखी धारेत गेली आणि हेल्मेटखालून सुटलेले केस डिसेंडरमध्ये, म्हणजे कमरेच्या ज्या उपकरणातून दोर सरकतो त्यात, ओढले गेले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. ओढा लहानच होता, पण सेकंदाला 100 लिटर पाणी धरलं तरी दर सेकंदाला 100 किलो डोक्या-खांद्यांवर आपटतंय, श्वास घ्यायला तोंडासमोर हवाच नाही आणि निओप्रीनचा सूट असला तरी थंडीने बोटं मिनिटांत काम सोडतात. मी वर अँकरपाशी, म्हणजे त्या बोल्टपाशी होते, मला फक्त ताणलेला दोर दिसत होता, आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं. खालून शिट्टी आली, एक लांब, थांबेचना. आमच्यात त्याचा अर्थ खाली सोडा. मी अडसर सोडवला आणि दोर द्यायला लागले, ती डोहात पोचली, खालच्याने तिला धारेबाहेर ओढून केस कापले. ती बरी आहे. माझे हात मात्र पुढच्या दोन टप्प्यांपर्यंत थरथरत होते.

म्हणून बाजूने उतरतो, मधून नाही. फोटो मधून चांगला येतो हे मलाही माहितीये. पावसाळ्यात आपल्याकडे पैसे घेऊन धबधब्यात उतरवतात ना, तिथे जाणार असाल तर आधी विचारा की मी अडकले तर मला वरून खाली सोडता येईल का, उत्तर देताना समोरचा अडखळला तर उतरू नका, पैसे गेले तर जाऊ देत.

आणि पाणी जास्त असेल तर उतरायचंच नाही, कारण पहिल्या टप्प्यानंतर दोर खाली ओढून घेतला की परत वर जायचा रस्ता नसतो. इथे मे-जूनमध्ये बर्फ वितळून ओढे फुगतात, ऑगस्टनंतर उतरतात. एका जूनमध्ये आम्ही चार तास गाडी चालवून गेलो, पहिला डोह पांढराफेक दिसला, तसेच परत फिरलो. कर्नच्या खोऱ्यात शिरताना रस्त्याला पाटी आहे, 1968 पासून नदीत किती जीव गेले त्याचा आकडा असलेली, आणि तो आकडा बदलत राहतो. जाताना मी ती दर वेळी वाचते.

राहिला दोर. तुटत नाही म्हटलं, पण कापला जाऊ शकतो. न घासलेल्या ग्रॅनाईटची कड करवतीसारखी असते, आणि कोणी उड्या मारत उतरलं की दोर एकाच जागी घासत राहतो. म्हणून प्रत्येक माणूस उतरला की वरचा माणूस दोर अर्धा फूट पुढे सरकवतो, म्हणजे पुढच्याच्या वेळी कडेवर नवी जागा येते. ते काम बहुतेक वेळा मी मागून घेते, आणि सगळ्यात शेवटी उतरते.