मित्राच्या घरची काच आपल्या हातून फुटली तर

इंदूरच्या मराठी घरात ‘किती झाले?’ विचारलंत की उत्तर ठरलेलं, ‘राहू द्या हो!’ म्हणून विचारूच नये, काच आणून बसवूनच द्यावी. टीपॉयची असेल तर लांबी, रुंदी, जाडी (बहुधा ८ किंवा १० मिमी), कोपऱ्यांची गोलाई तिथेच मोजून घ्या. बारीक दाणे झाले असतील तर ती टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच. लांब धारदार तुकडे म्हणजे साधी. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, चुरा होतो. माप चुकलं की पैसे पाण्यात. साधी फुटली तरी टफन्डच द्यावी, असं माझं मत.

सेटमधला एकच कप फुटला तर जुळणारा शोधत राजवाड्याभोवतीचा बाजार पालथा घालू नका, नवा सेट न्या. आजीच्या काळातली बरणी असेल तर मात्र पैशांची भाषाच नको.