हळदीचा वास

त्या दिवशी कोरोनाच्या तपासणीसाठी नाकात घातलेली काडी बाहेर काढली की पिवळी निघायची. हळदीची पोती उचलण्यात आयुष्य गेलेल्या माणसांची नाकं ती. पहिल्या दोन-तीन वेळा मी दचकले, मग सवय झाली.

जून २०२१, सांगलीचं मार्केट यार्ड. मी कंत्राटी लॅब टेक्निशियन म्हणून फिरत्या तपासणी पथकात होते. बाकी राज्यात दुसरी लाट ओसरत होती, पण आमच्या पट्ट्यात, सातारा-सांगली-कोल्हापुरात, आकडे हलायचं नाव घेत नव्हते. ७ जूनपासून राज्यात पाच स्तर लागू झाले होते. पॉझिटिव्हिटी, म्हणजे शंभर तपासण्यांत पॉझिटिव्ह किती, आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्यात, त्यावर जिल्ह्यात काय उघडायचं ते ठरायचं. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा रिकाम्या, तर बाजार मोकळा. १० च्या वर गेली की जीवनावश्यक सोडून बाकीची शटर खाली.

त्यामुळे तपासण्या वाढवा, हा एकच धोशा. वाढवायलाच हव्या होत्या. पण धडधाकट माणसांच्या रांगा लावून अँटिजेन, म्हणजे पट्टीवर लगेच निकाल देणाऱ्या तपासण्या, केल्या की भागाकारातला खालचा आकडा फुगतो आणि टक्का उतरतो. आजार होता तिथेच राहतो. पुढे २५ जूनला राज्यानेच आदेश काढला की स्तर ठरवताना फक्त आरटीपीसीआर, म्हणजे लॅबमध्ये होणारी जास्त अचूक तपासणी, धरायची, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

गेटवर नियम होता, निगेटिव्हची चिठ्ठी असेल तरच आत. अडते, खरेदीदार, दिवाणजी सकाळी आठलाच रांगेत उभे. हमाल मात्र लांब, ट्रकच्या सावलीला. एखादा यायचा तो कुणीतरी मागून ढकलल्यासारखा.

अकराच्या सुमारास पन्नाशीचे एक मामा आले. नखांत आणि तळहाताच्या रेषांत हळद बसलेली. ताप, खोकला, अंगदुखी? सगळ्याला एकच उत्तर, "काय न्हाई." काडी फिरवली, थेंब टाकले, पंधरा मिनिटं थांबलो. 'सी'वर रेघ, 'टी' कोरी. निगेटिव्ह. चिठ्ठी घ्यायला ते वाकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "ताई, एक इचारू? दोन दिस झालं, हळदीचा वास येईना. कशानं आसंल?"

मी एन९५ लावून, वर शील्ड चढवून बसले होते. तरी मला हळदीचा वास येत होता.

लक्षण असेल आणि अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करायचीच, असा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, नियम होता. त्याला कारण होतं. जून २०२० मध्ये पहिल्या अँटिजेन किटला मान्यता देताना आयसीएमआरनेच तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के सांगितली होती. म्हणजे शंभर बाधितांतले सोळा ते पन्नास जण त्या पट्टीवर निसटू शकतात. पण शिबिराचे प्रमुख मागून म्हणाले, "निगेटिव्ह आहे ना? मग सोडा. रांग बघा केवढी झालीय." मी चिठ्ठी दिली नाही. घशातून आणि नाकातून नमुना घेतला, व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रावाच्या, ट्यूबमध्ये काडी मोडली, ट्यूब बर्फाच्या डब्यात ठेवली. नमुने मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या लॅबला जाणार होते. रिपोर्ट उद्या संध्याकाळी, तोवर काम बंद.

मामा चिडले नाहीत, नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "उंद्यापातूर बसतो की. पन पॉझिटिव निघालो तर धा दिस कोविड सेंटरात. मागल्या साली सौदं बंद हुतं तवाची उचल अजून फिटली न्हाई, ताई."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर मी लोकांना सांगत होते, घाबरू नका, टेस्ट करून घ्या. आमच्या फॉर्मवर आधार नंबर होता, मोबाइल होता, प्रवासाची माहितीसुद्धा होती. हा माणूस दहा दिवस घरात काय शिजवेल, हे विचारणारा रकाना कुठेच नव्हता.

तेवढ्यात त्यांचे मुकादम आले. त्या टोळीची मजुरी एकत्र जमा व्हायची आणि मग वाटली जायची. मी त्यांनाच विचारलं, "मामा दहा दिवस आले नाहीत तर त्यांच्या वाटणीचं काय?" ते म्हणाले, "कामावर न्हाई त्याला वाटनी न्हाई, रीतच हाय तशी." पण माझ्याकडे बघत थांबले आणि ट्रककडे गेले. मी चार-पाच जणांच्या काड्या घेईपर्यंत तिकडे बोलणं चाललं होतं. परत येऊन म्हणाले, "रिपोर्ट येईस्तोवर ह्येची वाटनी चालू. पॉझिटिव निघाला तर धा दिस अर्धी. पोरं तयार हाईत." मामा बाकावर बसले आणि टॉवेल तोंडावर धरून बराच वेळ तसेच राहिले.

हे सगळं लिहायला बसले ते पुढच्या अर्ध्या तासासाठी. त्याच सावलीतून तिघं आपणहून उठून आले. एकाला आदल्या रात्री ताप होता, पहाटे गोळी घेऊन तो कामावर आला होता. दुसऱ्याची बायको घरात चार दिवस खोकत होती. तिसऱ्याचं अंग मोडून आलं होतं. सकाळी गेटवर हेच प्रश्न विचारले होते तेव्हा तिघांनीही "काय न्हाई" सांगितलं होतं. ते खोटारडे नव्हते. खरं सांगणं त्यांना परवडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आले. मामा पॉझिटिव्ह, आणि गोळी घेऊन आलेला तोही. बाकी दोघं निगेटिव्ह. मामांना ऑक्सिजन लागला नाही. दहा दिवस सेंटरमध्ये काढून ते घरी गेले. ती चिठ्ठी मी त्यांच्या हातात दिली असती तर दिवसभर ते टोळीतल्या सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून पोती उचलत राहिले असते, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

जुलैच्या सुरुवातीला आमचं पथक तासगावला बेदाण्याच्या सौद्यावर गेलं. टेबल मांडलं, किटची पेटी खाली ठेवली आणि ती उघडायच्या आधी मी विचारलं, "इथल्या टोळीचे मुकादम कोण?"