हरिहरच्या कड्यावरची प्रेमकथा लिहिताना

कड्यावरच्या बचावाची थरारक प्रेमकथा लिहायची असेल तर आधी घड्याळ लावून घ्या. समजा, ऑगस्टातल्या रविवारी दुपारी तीनला नायक नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्यावर घसरला. पहिला जिना चढून महादरवाजा ओलांडला की कड्याच्या पोटातून वाकून जायची वाट लागते. तिथून तो पंधरा फूट खालच्या टप्प्यावर आदळला आणि मांडीचं हाड मोडलं. सोबतचा मित्र रेंज शोधून 112 ला फोन लावेपर्यंत अर्धा तास जातो. नाशिकमध्ये बचाव टीमची माणसं गोळा करायची, सामान गाडीत टाकायचं, त्र्यंबकेश्वरमार्गे निरगुडपाडा गाठायचा, यात दोन-अडीच तास सहज जातात. पुढे चिखलातून दीड-दोन तासांची चढण. म्हणजे त्या टीममधली नायिका त्याच्याजवळ पोचते तेव्हा आठ वाजत आलेले असतात, मिट्ट अंधार आणि धुकं. तिला अर्ध्या तासात पोचवलंत तर कादंबरीतला सगळा ताण तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलात. आणि हो, चांदणं हवं असेल तर पंचांग उघडा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पाऊण-एक तास उशिरा उगवतो.

आता स्ट्रेचर. साध्या पायवाटेवरसुद्धा ते उचलायला एका वेळी सहा जण लागतात आणि खांदे बदलायला तेवढेच आणखी. हरिहरचा जिना एका माणसापुरता, जवळजवळ ऐंशी अंशात उभा. पायऱ्यांना हात धरायच्या खोबण्या आहेत, पण हात स्ट्रेचरला असतील तर खोबणी धरणार कोण? म्हणून स्ट्रेचर तिथे उचलून नाही, रोपने सोडत आणावं लागतं. दोन रोप, दोन वेगळे अँकर, म्हणजे रोप कातळाला पक्का बांधायच्या जागा: एक वजन पेलणारा, दुसरा पहिला निसटला तर झेलणारा. रोप साधारण 11 मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा. चढाईचा डायनॅमिक रोप ताणला जातो, स्ट्रेचर खालीवर हिंदकळतं आणि प्रत्येक हिसक्याला मोडलेलं हाड हलतं. अँकर कुठे लावला तेही लिहा. काळा बसाल्ट भरवशाचा वाटतो, पण दोन थरांमध्ये तांबडा, मऊ पट्टा असतो, त्यात ठोकलेली मेख हाताने निघते. अँकरच्या दोन बाजूंमधला कोनही महत्त्वाचा. साठ अंशांच्या आत ठीक. 120 अंशांवर प्रत्येक बाजूवर पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन बाजू करून काहीच साधत नाही.

खलनायक इथेच लपवावा असं मला वाटतं. धारदार कातळावर घासून तुटलेल्या रोपचं टोक पिंजलेलं असतं, आवरणाचे तंतू कापसासारखे बाहेर आलेले. सुरीने कापलेलं टोक सरळ, सगळे तंतू एका पातळीत. ताणाखालच्या रोपला तर पातं नुसतं टेकवलं तरी पुरतं. नायिकेने हेडटॉर्चच्या उजेडात ते टोक बोटांनी चाचपावं, काही न बोलता खिशात ठेवावं आणि टीममधल्या सगळ्यांकडे एकेक करून पाहावं. पिस्तुलाची गरज पडत नाही.

प्रेम मात्र टप्प्यावरच्या त्या दोन तासांत घडायला हवं. खाली सोडायची तयारी वर चालू आहे, ती एकटी त्याच्यापाशी. मोडलेला पाय बांधताना बोटं उघडी ठेवते, कारण ती गार पडली, निळी झाली तर पट्टी सैल करावी लागते. पांघरूण घालण्याआधी ती त्याच्या पाठीखाली मॅट आणि रिकामी सॅक सरकवते. ओला कातळ अंगातली ऊब वाऱ्याइतकीच शोषतो. मग रक्त नीट फिरतंय का हे बघायला त्याच्या बोटाचं नख दाबून सोडते आणि मोजते. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. होत नाही. थंडीमुळे, की मांडीच्या आत रक्त साचतंय म्हणून? मांडीत लिटरभर रक्त जिरतं आणि बाहेर थेंब दिसत नाही. दर दहा मिनिटांनी तीच बोटं, तेच नख, तीच मोजणी. पहिला स्पर्श म्हणून याहून चांगला प्रसंग मला सुचत नाही. तो घाबरलाय हे तिला कळतं, तिचा हात थरथरतोय हे त्याला.

भिजलेल्या माणसाला हायपोथर्मिया व्हायला बर्फ लागत नाही, पावसात आणि वाऱ्यात वीस अंशांतही होतो. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की तो सुरू झाला. आधी कुडकुडणं, मग जीभ जड, बोलण्यात घोळ. साधारण 32 च्या खाली कुडकुडणं थांबतं. वाचकाला वाटतं सुधारला, आणि नायिकेला माहीत असतं की बिघडलाय. नेमकं याच्या जरा आधी त्याने बोलावं. अडखळत, तिचं नाव घेऊन, जे आयुष्यात कधी बोलला नाही ते. ती ऐकते, घड्याळात वेळ बघते आणि वहीत लिहिते: 9.40, बोलणं असंबद्ध.

तिसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये ती वही त्याच्या हाती लागते. ती ओळ वाचून तो पेन मागतो आणि 'असंबद्ध'वर काट मारतो.