नकाशातलं पाणी

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. साधारण १,६९० हेक्टर, ऐरोली आणि वाशीच्या पुलांमध्ये, मुख्यतः मुंबईकडच्या काठाला. आमच्याकडे काम आलं होतं अलीकडच्या, नवी मुंबईच्या बाजूचं: संरक्षण वाढवायचं झालं तर हद्दीची रेघ कुठून न्यावी?

अशा कामात पहिली भिस्त उपग्रहाच्या चित्रांवर. माझं तर पोटच त्यावर चालतं. हाताशी असलेल्या नकाशात कांदळवनाबाहेर चिखलाची चिंचोळी पट्टी होती आणि पुढे सगळं निळं. दिवागावच्या नाखवांना तो दाखवला तर म्हणाले, "अवसेला पाटं या."

अमावस्येला उजाडायच्या आत होडी सोडली. सहा वाजून गेले तशी होडी रुतली. समोर नुसता चिखल, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारतायत आणि दूरवर रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, रांग, चोची उलट्या करून शेवाळ गाळत बसलेली. मोबाइलवर आमचा ठिपका निळ्यात.

"तुमच्या नकाशान इथं पानी हाय ना, ताई? मंग मारा उडी!"

मला हसू आलं, पण डोक्यात हिशेब सुरू झाला. आपल्याकडे अवस-पुनवेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. आमच्या चित्रांचा उपग्रह मात्र नेहमी सकाळी अकराच्या आगेमागे वरून जातो. उधाणाच्या, म्हणजे अवस-पुनवेच्या, दिवशी त्याला खाडी भरत आलेलीच दिसते. अष्टमीच्या आसपास त्या वेळेला ओहोटी सापडते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, पाणी फार मागे हटत नाही. थोडक्यात, पक्षी जिथे सगळ्यात जास्त चरतात तो चिखल त्या चित्रांत येणारच नाही, वर्षभराची चित्रं जमवली तरी.

भरती लागली की हेच पक्षी उडून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जातात. ती तळी अभयारण्याच्या रेघेबाहेर. म्हणजे जेवायची जागा एकीकडे, विसाव्याची दुसरीकडे. दोन्ही धरल्याशिवाय संरक्षणाला अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाखवांना पक्ष्यांची अडचण नव्हती, रेघेची होती. "आमचे जाल्यांचे खुंट रेघेच्या आत गेलं तं?" वन्यजीव संरक्षण कायद्यात सागरी हद्दीतला भाग घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपायची तरतूद आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग जाळ्याचे खुंट एकेक करून दाखवले आणि प्रत्येकाची नोंद स्क्रीनवर उमटल्याशिवाय होडी हलवू दिली नाही. कायद्यापेक्षा त्यांचा त्या ठिपक्यांवर जास्त भरवसा होता आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

अहवालात ओहोटीची रेघ वेगळी दाखवली, खुंटही. चर्चेची बैठक साहेबांनी ऑफिसात, अकराला ठेवली. नाखवांचा निरोप आला: पुनवेला, पहाटे सहाला, जेटीवर घ्या. साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही.